डॅरेलला पळायला कोणी सांगितलं?

टिल्मन्स फोर्ड, नॉर्थ कॅरोलिना
मंगळवार, १४ एप्रिल १९८७
सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. बुटांच्या नाड्या धुऊन खिडकीत वाळत घातल्या आहेत. त्या वाळेपर्यंत हे पत्र.

प्रिय ओदालिसताईस,
धाकट्या तिस्तोचा टोपी काढून नमस्कार. वि. वि.

आईला आधी सांग की मी धडधाकट आहे, कुठे मोडलेलो नाही आणि दोन वेळा जेवतो. मग खुर्चीवर बस आणि पुढचं मनातल्या मनात वाच. अंगणात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं की नाही, ते तू ठरव.

ताई, मी आता खेळाडू राहिलो नाही. फ्लोरिडाच्या बेसबॉल सरावशिबिरात शेवटच्या दिवशी भिंतीवर यादी लागली. ती मी चार वेळा वाचली, मोर्ला हे आडनाव कुठे चुकीचं लिहिलंय का तेही बघितलं. नव्हतंच. सतराव्या वर्षी शाळेची पुस्तकं तुझ्याकडे टाकून निघालो, त्याला अकरा वर्षं झाली. दुसरा बेस, तिसरा बेस, त्या दोघांमधला शॉर्टस्टॉप, जिथे माणूस कमी तिथे मी. आठ गावं झाली. मोठ्या लीगमध्ये एकदाच बोलावणं आलं, तेही दुसऱ्या कोणाचा गुडघा बरा होईपर्यंत. त्याचा गुडघा फार लवकर बरा झाला.

सामान भरत होतो तेव्हा ऑफिसातल्या माणसाने बोलावून विचारलं की कोच होशील का. अगदी खालच्या संघात, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर, तिसऱ्या बेसजवळ उभं राहायचं. हे एक वर्ष बघणार. ऑगस्टअखेर मॅनेजर मिस्टर ऑगल हो म्हणाले तर पुढे चालू, नाही म्हणाले तर घरचं विमान. घरी आलो तर साखर कारखान्याच्या फाटकावर रांगेत उभं राहणं आलं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी हो म्हटलं.

हे ऑगल साठीचे आहेत, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि टरफलं थुंकत थुंकतच बोलतात. अर्धं इंग्रजी मला कळत नाही आणि उरलेलं अर्धं टरफलांत जातं.

आता खरं काम. बाबांना तू सांग. ते डॉमिनोच्या टेबलावर सगळ्यांना सांगत असतात की यंदा तिस्तो वर, मोठ्या लीगमध्ये जाणार. माझ्याने त्यांना लिहवत नाही. त्यांचा मूड बघून, जेवण झाल्यावर सांग.

नाड्या वाळल्या. लोभ आहेच, तो तसाच राहू दे, ओरडा मात्र जरा कमी कर.

तुझा,
तिस्तो

---

सान पेद्रो दे माकोरीस
२ मे १९८७

चि. तिस्तोस,
अनेक आशीर्वाद आणि लांबून एक टपली.

मनातल्या मनात वाच म्हणे! अरे, तुझं पाकीट पोस्टमनच्या हातात दिसलं तेव्हाच शेजारच्या दोन्या मेंचाबाई खुर्ची घेऊन आल्या. त्यांच्यामागून बाबांचा डॉमिनोवाला कुकीतो आला, त्याच्यामागून त्याची कोंबडी. मी दोन ओळी गाळायला गेले तर आई म्हणाली की मध्येच श्वास का घेतलास, काय लपवतेस? मग वाचलं सगळं.

बाबांनी ऐकून घेतलं. हातातला आंबा खाली ठेवला. म्हणाले, उभं राहून हात हलवायचे पैसे देतात? मी म्हटलं, देतात. तर कुकीतो मध्येच म्हणाला, म्हणजे ट्रॅफिक पोलीस झाला म्हणा की! झालं. बाबा तीन दिवस डॉमिनोच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी गेले आणि बसता बसता कुकीतोला म्हणाले, पोलिसाला निदान शिट्टी असते. तिथे त्यांचा राग थोडा उतरला असावा, कारण मग ते हरले आणि घरी येऊन तुझ्याऐवजी कुकीतोला शिव्या दिल्या.

आई ठीक आहे. ती म्हणते, बरं झालं, आता माझ्या लेकराच्या तोंडावर चेंडू बसणार नाही. तू कोच झालास म्हणजे नक्की काय झालास ते तिला कळलेलं नाही, पण तुझ्यासाठी रोज माळ जपते. तू पण जपत जा.

आणि ऐक. तू लहानपणी रात्री उठून दार लावलंय का ते तीनदा बघायचास. तशी घाबरट माणसं कोच म्हणून चांगलीच असणार, असं माझं मत. काही चुकलं तर मला लिही. तिथे कोणाजवळ बोलत बसू नकोस, तुझं इंग्रजी ऐकून लोक आणखी घाबरतील.

तुझ्या कपाटातला निळा शर्ट मी कापून आपल्या चुलत बहिणीच्या, रोसाउराच्या पोराला चड्डी शिवली. कळवते आहे, परवानगी मागत नाही.

तुझी,
ओदालिस

---

टिल्मन्स फोर्ड
२४ मे १९८७, रविवार, दुपारचे सव्वातीन. पावसामुळे खेळ नाही.

प्रिय ताईस,
तिस्तोचा नमस्कार. निळ्या शर्टाबद्दल काही म्हणायचं नाही. वि. वि.

ताई, मी अडचणीत आहे.

आधी चांगलं सांगतो. पोरं चांगली आहेत. पंचवीस जणांत डॅरेल पिंकनी म्हणून एक आहे, जॉर्जियाचा, एकोणीस वर्षांचा. पळायला असा की बेसवरून निघाला की टोपी मागे राहते. आणि बाकीची पोरं बेसवर उभी राहून गॅलरीतल्या मुली बघतात, हा एकटा माझ्याकडे डोळे लावून बघतो. मला वाटायचं, चला, एकाला तरी मी दिसतो.

माझं काम तुला माहीत आहे, पण लिहिलं की माझं मलाच नीट कळतं म्हणून लिहितो. मॅनेजर बाकावरून खूण करतात, ती मी पुढे बॅटवाल्याला आणि बेसवरच्या पोराला द्यायची. बोलायचं नाही, हाताने. समोरच्यांना कळू नये म्हणून बऱ्याच खोट्या खुणा करायच्या. टोपीच्या पुढच्या कडेला हात लावला की, लक्ष द्या, यापुढची खरी. त्यानंतर छातीला हात म्हणजे पळ, फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठ. पट्ट्याला हात म्हणजे बॅटवाल्याने चेंडू नुसता हळू टेकवायचा. खांदे, दंड, कान हे सगळं उगाच. मी हे रोज रात्री आरशासमोर करतो. खोलीत माझ्याबरोबर राहणारा, चेंडू टाकणारा पिचर म्हणतो की तुझ्या अंगात आलंय का?

आता वाईट. मेच्या पहिल्या आठवड्यात एका अटीतटीच्या खेळात डॅरेल आपला आपण पळाला. मी खूण दिली नव्हती, मॅनेजरनेही मला दिली नव्हती. पण तो पोचला, आपण जिंकलो आणि ऑगल यांनी त्याची पाठ थोपटली. जिंकल्यावर कोण विचारतो?

पण बारा तारखेला वेन्स क्रॉसिंगच्या संघाविरुद्ध शेवटचा डाव, बरोबरी, आपले दोघे बाद आणि बॅट हफमनच्या हातात. हफमन म्हणजे आमचा बैल. चेंडू मारला की नदीत पडतो. अशा वेळी पहिल्या बेसवरच्या पोराने गप्प उभं राहायचं, हे शेंगदाणे विकणाऱ्यालाही ठाऊक. डॅरेल पळाला. त्याच्या आधी चेंडू पोचला. तिसरा बाद, डाव संपला आणि जादा डावात आपण हरलो. आणि परवा शुक्रवारी पुन्हा तसंच. पुन्हा अटीतटी, पुन्हा डॅरेल, पुन्हा बाद.

ऑगल यांनी दोघांना खोलीत बोलावलं. डॅरेलला विचारलं, पळायला कोणी सांगितलं? तो म्हणाला, कोच तिस्तोने, सर. मला विचारलं. मी शपथेवर सांगितलं की मी काही केलं नाही. आणि ताई, खरंच नाही केलं. तिन्ही वेळा मी घाबरलो होतो, मी फक्त आल्ताग्रासियाच्या मातेची आठवण काढली, आईने शिकवलीय तशी. बस.

ऑगल यांनी टरफल थुंकलं. मग म्हणाले, तुम्हा दोघांतला एक खोटं बोलतोय. खोटं बोलणारा मला खेळाडूही नको आणि कोचही नको. वीस जूनपर्यंत छडा लागला नाही तर मीच एकाला बसचं तिकीट काढून देईन. दोघांना दहा-दहा डॉलर दंडही झाला.

मी खोटं बोलत नाही. म्हणजे डॅरेल बोलतो, दुसरं काय असणार? पण बाहेर आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. खोटं बोलणारा असा रडतो का, तू सांग. तो गेला तर कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात जाईल, तसं त्यानेच मला सांगितलंय. मी गेलो तर फाटकावर. मला झोप नाही.

लोभ असू दे. आत्ता तर फारच असू दे.

तुझा,
तिस्तो

---

तार
सान पेद्रो दे माकोरीस, ४ जून १९८७

हात खिशात ठेव. पत्र मागून येतंय. ओदालिस.

---

सान पेद्रो दे माकोरीस
४ जून १९८७

गाढवा,
आशीर्वाद शेवटी देईन, आधी वाच.

तुझं पत्र आज आलं. नेहमीप्रमाणे अंगणात सगळे जमले होते. दोन्या मेंचा वाटाणे सोलत होत्या, कुकीतो फुकटची कॉफी पीत होता, बाबा आपण ऐकतच नाही असं दाखवत रेडिओचा आवाज अगदी बारीक करून बसले होते. डॅरेल पळाला तिथे कुकीतो म्हणाला, पोरगा लबाड आहे, हाकला त्याला. बाबा म्हणाले, तू गप्प बस, तुला कधी कोणी बेसवर उभं तरी केलं होतं का?

मग मी ते वाक्य वाचलं, आल्ताग्रासियाच्या मातेची आठवण काढली, ते. आणि सहज वर बघितलं. आईने क्रूस केला. कपाळाला हात, छातीला हात, एक खांदा, दुसरा खांदा. मेंचांनी वाटाण्याच्या हाताने केला. कुकीतोने कपासकट केला. तिस्तो, आपलं अख्खं अंगण त्या जॉर्जियाच्या पोराला पळ म्हणून सांगत होतं!

मी पत्र खाली ठेवलं आणि म्हटलं, आई, पुन्हा कर. ती म्हणाली, काय करू? मी म्हटलं, आत्ता केलंस ते. ती म्हणाली, मी काहीच केलं नाही. बघ, तिलाही कळलं नव्हतं! अरे, तू पाच वर्षांचा असल्यापासून चेंडू यायच्या आधी क्रूस करतोस. तुझ्या टोपीची कड कुठे असते? कपाळावरच ना? मग पुढे छाती. घाबरलास की तुझा हात आपोआप वर जातो आणि तो बिचारा पोरगा, एकटाच तुझ्याकडे नीट बघतो म्हणून, एकटाच बाद होतो.

तोपर्यंत बाबा उठले होते. रेडिओ बंद केला. तार करा म्हणाले, आणि पैसे स्वतःच्या खिशातून काढून दिले. तारेला प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात म्हणून तेवढंच लिहिलं. काय समजला असशील देव जाणे.

पत्र मिळेल त्या मिनिटाला मॅनेजरकडे जा. पोराला तुझ्यामुळे घालवलं तर घरी येऊ नकोस. गेलास आणि तुलाच घालवलं तर ये, उकडलेल्या केळ्यांचं मांगू करून ठेवते.

आता आशीर्वाद.

ओदालिस

---

टिल्मन्स फोर्ड
२१ जून १९८७, सकाळचे आठ

प्रिय ताईस, आईस आणि रेडिओ बारीक करून बसलेल्या बाबांस,
साष्टांग. वि. वि.

तार मिळाली तेव्हा मला वाटलं, इथे खिसेकापू फार झालेत असं तू कुठे ऐकलं असशील. तरी तू सांगितलंस म्हणून दोन खेळ हात खिशात घालून उभा राहिलो. खुणा द्यायला एक हात काढायचा, दिली की परत आत. ऑगल बाकावरून ओरडले, थंडी वाजतेय का तुला? जून महिन्यात!

पत्र सोळा तारखेला आलं. जिन्यातच उभ्याने वाचलं. मग पिशवी भरली, कारण परत वर यायला मिळेलच याची खात्री नव्हती, आणि पिशवी घेऊनच ऑगल यांच्या खोलीवर गेलो. वाटेत डॅरेलला उठवून बरोबर घेतलं. तो पिशवी बघून समजला की आपल्यालाच घालवताहेत. रस्ताभर मला सर, सर करत होता आणि मला इंग्रजी सुचत नव्हतं.

ऑगल बनियनवर होते. मी सांगितलं की हा पोरगा खरं बोलतोय, खूण मीच दिली, मला ठाऊक नव्हतं. त्यांना काही कळेना. शेवटी म्हणाले, बरं, प्रार्थना करून दाखव. मी डोळे मिटले आणि केली. डोळे उघडले तर डॅरेल पलंगापासून दारापर्यंत गेलेला! त्याचे पायच निघाले, ताई. ऑगल यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि इतके हसले की बी घशात अडकली. आम्ही दोघांनी पाठीत धपाटे घातले.

मग गंभीर झाले. हे सोडता येईल का म्हणाले. मी म्हटलं, प्रयत्न करतो. दुसऱ्या दिवशी सरावात केला. हात आवरला की शर्ट न घालता उभं राहिल्यासारखं वाटतं. ऑगल यांनी पाचव्या मिनिटाला हात झटकले. म्हणाले, देवाशी भांडण मला परवडत नाही, खुणा बदलतो. आता आमच्या संघात टोपीनंतर छाती म्हणजे काहीच नाही. पंचवीस जणांना सगळं नव्याने शिकवलं आणि पंचवीस जणांनी मला शिव्या घातल्या. माझ्या नोकरीचं मात्र ते काही बोलले नाहीत. ऑगस्टअखेर बघू, एवढंच.

आता कालचं ऐका. काल पुन्हा वेन्स क्रॉसिंग. शेवटचा डाव, बरोबरी, डॅरेल पहिल्या बेसवर. माझा हात वर, क्रूस. तर काय, बॅटवाल्यामागे बसणारा त्यांचा कॅचर उडी मारून बाजूला झाला आणि पिचरने चेंडू लांब बाहेर टाकला, पळणाऱ्याला पकडायला टाकतात तसा! त्यांनी मे महिन्यातच माझी खूण ओळखून ठेवली होती. डॅरेल जागचा हलला नाही. उभा राहून कान खाजवत होता. मला वाटलं, आता काय होणार? म्हणून पुन्हा क्रूस केला. पुन्हा चेंडू बाहेर. चार चेंडू बाहेर गेले की बॅटवाल्याला पहिला बेस फुकट, आणि तिथे आधी असलेला एक बेस पुढे. तो मिळाला. मी जास्तच घाबरलो. पुढच्यालाही फुकट. तोपर्यंत त्या पिचरच्या हाताला बाहेर टाकायची अशी सवय लागली की पुढे आत टाकायचं म्हटलं तरी चेंडू आत येईना. तिन्ही बेस भरले, तिसऱ्यालाही फुकट, आणि डॅरेल चालत घरच्या बेसवर आला. आपण जिंकलो, बॅटला चेंडू न लागता!

ताई, आता माझ्या मनाला एकच लागलंय. क्रूस करून समोरच्याला फसवलं, तर हे पाप होतं का? मी खरंच प्रार्थना करत होतो, पण दुसऱ्या वेळेनंतर मला थोडं कळलंही होतं. पाद्रे वेंतुरांना विचारून कळव. मी तोपर्यंत जपून करतो.

सगळ्यांचा लोभ असू दे, कुकीतोचाही.

तिस्तो

---

सान पेद्रो दे माकोरीस
८ जुलै १९८७

चि. तिस्तोस आशीर्वाद, दोन्ही हातांनी.

पाद्रेंना रविवारी विचारलं. त्यांनी आधी स्कोअर विचारला. मग डोळे मिटून म्हणाले की माणूस मनापासून प्रार्थना करत असेल तर त्याला दोष नाही, दुसऱ्याच्या प्रार्थनेत डोकावतो त्याला आहे. मग डोळे उघडून म्हणाले, थोडं कळलं होतं म्हणतो, त्या थोड्यासाठी एक मेणबत्ती लावून टाक म्हणावं. ती तुझ्यावर राहिली.

बाबांचं सांगते. त्याच रविवारी कारखान्याच्या मैदानावर वस्तीतल्यांचा खेळ होता. बाबा चांगली टोपी घालून गेले आणि कोणी न विचारता तिसऱ्या बेसजवळ जाऊन उभे राहिले. हात हलवायला लागले. आपल्या रोसाउराच्या नवऱ्याला, चेंडू समोर दिसत असताना, जा, जा म्हणून पिटाळलं. तो धावत आला आणि पाच पावलं आधीच बाद झाला. रोसाउरा भडकली. बाबा घरी आल्यावर माझ्यापाशी बसले. म्हणाले, फार अवघड आहे गं ते. बघावं लागतं चेंडूकडे, पोराकडे, आणि एका क्षणात ठरवायचं, आणि बाद होतो तो दुसराच. मग म्हणाले, तिस्तोला लिही, मी विचारलंय म्हणून.

नुसतं विचारलंय. काय ते सांगितलं नाही.

तुझी,
ओदालिस

---

टिल्मन्स फोर्ड
३१ ऑगस्ट १९८७, सोमवार, रात्रीचे सव्वानऊ. कपडे घड्या करून झाले.

ती. बाबांस,
तिस्तोचा साष्टांग नमस्कार. ताईने वाचून दाखवावं, रेडिओ बंद असावा. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बरं चाललंय. तुम्ही म्हणता तसंच आहे, बाद होतो तो दुसराच. पहिले दोन महिने मला वाटत होतं की तिसऱ्या बेसजवळ उभा आहे तो खेळायला न मिळालेला माणूस आहे. आता तिथे उभं राहिलो की तसं वाटत नाही. कधीपासून, ते नक्की सांगता येणार नाही. तारीख लिहून ठेवायला हवी होती.

डॅरेलला गेल्या आठवड्यात वरच्या संघाने बोलावलं. बसमध्ये चढताना त्याने वळून माझ्याकडे बघितलं. सवयीने खुणेची वाट बघत होता. मी छातीला हात लावणार होतो, पण ती खूण आता चालत नाही हे आठवलं, म्हणून तोंडानेच ओरडलो, पळ!

आज सकाळी ऑगल यांनी बोलावलं. पिशवी भरून आणलीस का म्हणाले. मी म्हटलं, नाही. म्हणाले, गेल्या वेळी ती घेऊन दारात उभा होतास, तेव्हाच मी ठरवलं होतं, पण तुला सांगितलं असतं तर तू ऑगस्टपर्यंत आळशी झाला असतास. पुढच्या वर्षीचा कागद समोर ठेवला. मी दोनदा वाचला, आडनाव बरोबर होतं, सही केली.

बाबा, मी वर गेलो नाही. पण मला इथे राहायला सांगितलंय.

हिशेब ताईने मागितला होता, तो असा. दंडाचे दहा डॉलर ऑगल यांनी परत केले, डॅरेलचेही. विमानाचं तिकीट एकशे अठ्ठ्याऐंशी, दिले. आईसाठी चपला नऊ, तुमच्यासाठी शिट्टी एक डॉलर दहा सेंट, तेही दिले. देणं: पाद्रेंची एक मेणबत्ती. तारेचे पैसे, तुमचे, ताईने आकडा कळवलेला नाही. आणि डॅरेलला एक जेवण, कारण पंचवीस दिवस मी त्याला खोटारडा समजत होतो. ते एप्रिलमध्ये देईन.

तुमचा,
तिस्तो